येते म्हणावं

"जाते गं," मयूरा म्हणाली आणि दार ओढून घेण्याआधी सवयीने क्षणभर थांबली. आतून काहीच आलं नाही. फ्रिज घुं करत होता, नवरा, हृषिकेश, वरच्या खोलीत घोरत होता, आणि आईच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून आईची पाठ दिसत होती. पलंगाच्या कडेला बसून ती वेणीचा गुंता सोडवत होती. म्हणजे जागी होती. तरी काही बोलली नाही. एरवी ही बाई आंघोळीला गेलेली असो, पूजेत असो, नाहीतर पुण्याच्या बहिणीशी फोनवर हुज्जत घालत असो, कानावर 'जाते' पडायचा अवकाश, जिथे असेल तिथून ओरडायची, "येते म्हणावं!" मयूराला बोलता यायला लागलं तेव्हापासून हे चालू होतं. जाते म्हटलं की माणूस जातो, येते म्हटलं की परत येतो, इतकं साधं ते शास्त्र होतं. आजची चूक घाईतली होती. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी, पिशवीत टॉवेलखाली हेल्मेट आणि ढोपरांचे पॅड, आणि डोक्यात एकच धास्ती, की आईने पिशवीत काय आहे म्हणून विचारू नये. आईने विचारलं नाही. पण 'येते म्हणावं'ही म्हणाली नाही. मयूरा बाहेर पोर्चमध्ये उभी राहिली. परत आत जावं आणि नीट 'येते' म्हणून यावं असं एकदा वाटलं. पण निघालेल्या माणसाने मागे वळायचं नाही, हेही त्याच शास्त्रात होतं. म्हणजे आता काहीही केलं तरी चुकणारच. ती गाडीत जाऊन बसली.

मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या सगळ्या माणसांची त्या दिवशी तासभर झोप मारली गेली होती. ऑक्टोबरातला तो रविवार, रात्रीत घड्याळं पुढे केलेली, त्यामुळे सात वाजले म्हणायचे पण अंगाला सहाच वाटत होते. रस्त्यावर कुत्र्याला घेऊन निघालेला एखादा म्हातारा, बाकी शुकशुकाट. मयूरा सावकाश गाडी चालवत होती आणि स्वतःला सांगत होती की काय मूर्खपणा आहे. वय वर्षं एकोणचाळीस. नोकरी, घराचं कर्ज, कंबरेला अधूनमधून गरम पाण्याची पिशवी. आणि चाललीये कुठे, तर शॉपिंग सेंटरच्या कार पार्कमध्ये स्केटबोर्डच्या स्पर्धेला. तिशीपुढच्या बायकांची स्ट्रीट स्पर्धा, ह्या भागातली पहिलीच. हृषिकेशला ठाऊक होतं. ऑफिसात दोघी-तिघींना ठाऊक होतं. आईला ठाऊक नव्हतं. सहा महिने आई ह्याच घरात होती, सकाळचा चहा दोघींचा एकत्र व्हायचा, आणि सहा महिने मयूरा "जरा वॉकला जाऊन येते" म्हणून गराजच्या मागच्या दाराने बोर्ड काढून निघत होती, चोरून सिगरेट ओढणाऱ्या कॉलेजच्या पोरीसारखी. बुधवारी आईचं विमान. "ही माझी शेवटची खेप," आईने आल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. "पुन्हा त्या विमानात पाय दुमडून बसायची नाही मी. भेटायचं असेल तर तू ये." म्हणजे सांगायचं तर आता तीन दिवस उरले होते. सांगावं असं मयूराला फार वाटत होतं. आपण ह्या देशात येऊन नेमकं काय झालो, हे आईने एकदा तरी डोळ्यांनी बघून जावं असं वाटत होतं. पण बघायला आली तर आई तो शब्द म्हणणार. तो शब्द ऐकला की संपलंच.

शब्द साधा होता. 'पडशील'. द्वितीय पुरुष, एकवचन, भविष्यकाळ. आई शाळेत मराठी शिकवायची, तिनेच हे असं फळ्यावर लिहून घेतलं असतं. झोपाळ्यावर उभं राहिलं, पडशील. जिन्यावरून पळत आलं, पडशील. सायकल शिकताना मागून धावणाऱ्या बाबांच्याही मागून आईचा आवाज, अहो पडेल ती. 'पडू नकोस' असं कोणी म्हणत नाही. 'जपून' म्हणतात, पण ते पाहुण्यांना. पोटच्या पोरीला सरळ भविष्य सांगतात. मयूरा नऊ वर्षांची असताना बिबवेवाडीच्या त्यांच्या सोसायटीला एक कंपाउंडची भिंत होती, अर्धी वीट रुंद, आणि त्या भिंतीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं हा तिथल्या पोरांचा पराक्रम होता. मयूरा निम्म्याच्या पुढे गेली होती. पाय बरोबर पडत होते. भिंत तळव्यांना गार लागत होती, खालून कोणीतरी नाव घेऊन ओरडत होतं, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटत होतं की आपलं अंग आपल्याला कळतं. तेवढ्यात आई कपडे वाळत घालायला गॅलरीत आली. "मयू! पडशील!" आणि मयूरा पडली. हनुवटीला टाके. डॉक्टर सुई भरत होते तेव्हाही आई म्हणत होती, "सांगितलं होतं ना मी?" आईची खात्री झाली की आपण सांगितलं ते खरं ठरलं. मयूराची खात्री झाली की आईने सांगितलं म्हणून खरं ठरलं. दोघीही आपापल्या खात्रीला चिकटून राहिल्या, आणि ह्या विषयावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. हनुवटीखालची ती रेघ अजून आहे. हेल्मेटचा पट्टा बरोबर तिच्यावर बसतो.

सिग्नलला उभं असताना तिने पट्ट्याच्या जागेवर बोट फिरवलं. बाजूच्या गाडीतला माणूस जांभई देत होता. ह्या देशात ती पहिल्यांदा टूवूंबा नावाच्या गावात शिकायला आली तेव्हा बावीस-तेवीसची होती, आणि त्या गावात गाडी नसलेल्या माणसाला कुत्रं विचारत नाही. बस होत्या, पण त्यांच्या मर्जीने यायच्या. हॉस्पिटलच्या किचनमध्ये तिला पहाटेच्या शिफ्टला ट्रे लावायचं काम मिळालं होतं आणि घरापासून हॉस्पिटलपर्यंत चालत जायचं म्हणजे पायांचे तुकडे. घरात एक कॅनडाची मुलगी राहायची. ती परत जाताना आपला जुना बोर्ड मयूराच्या खोलीबाहेर ठेवून गेली, वर चिठ्ठीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मयूरा अंधारात, फुटपाथवर, एका हाताने लोकांच्या कुंपणांना धरून त्याच्यावर उभी राहिली. आणि पडली. चांगली सणसणीत पडली, तळहात सोलवटले. मग बसल्या जागी तिला एक विचित्र गोष्ट लक्षात आली, की आपण पडलो, पण कोणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हे पडणं तिचं एकटीचं होतं. तिला इतकं बरं वाटलं की ती उठून लगेच पुन्हा उभी राहिली. त्यानंतर मेलबर्न, नोकरी, लग्न, मधली दहा वर्षं बोर्ड नव्हता. मग पस्तिशीत एका शनिवारी सेकंडहँड दुकानात एक बोर्ड दिसला आणि तिने तो उचलून काउंटरवर ठेवला. हृषिकेश म्हणाला, "हे कोणासाठी?" ती म्हणाली, "माझ्यासाठी." तो म्हणाला, "ओके." एवढ्यावर त्याचं समाधान होतं, आणि ह्या एका गोष्टीसाठी त्याचे बाकीचे सगळे गुन्हे माफ होते.

नोकरी तर अशी, की ऐकणारा हसतो. इन्शुरन्स कंपनीत मयूरा पडलेल्या माणसांचे क्लेम बघते. सुपरमार्केटात सांडलेल्या दह्यावरून घसरले, मोटेलच्या पायरीवर अडखळले. दिवसभर ती फोनवर शांत आवाजात विचारते, कुठला पाय आधी सरकला, बूट कसले होते, जमीन ओली होती का. आणि शेवटी मुख्य प्रश्न, तिथे काही सूचना लावलेली होती का. ती पिवळी पाटी असते ना, घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र असलेली, ती पाटी लावलेली असली की दुकानदार सुटला. पाटी असूनही पडलात, मग जबाबदारी तुमची. एकदा अशीच एका बाईची केस वाचताना मयूराला आई आठवली होती. 'पडशील' ही आईची पिवळी पाटी. लावून ठेवली की आई मोकळी. पुढे जे होईल ते ज्याचं त्याने बघावं. हा विचार डोक्यात आला तेव्हा मयूराला त्याची लाजही वाटली होती, कारण पडल्यावर टाके पडेपर्यंत हात धरून बसणारीही आईच होती. पण विचार आला तो आला.

कार पार्कच्या एका कोपऱ्यात दोऱ्या बांधून जागा आखली होती. डेब तिथे आधीच आली होती. हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या, कारण इथे हा वसंत ऋतू, आणि मॅगपाय पक्ष्यांची अंडी-पिल्लं ह्याच दिवसांत, त्यामुळे डोक्यावर झडप घालायला ते टपलेले. डेब शेहेचाळीस-सत्तेचाळीसची, पोस्टात काम करणारी, आणि ही सगळी स्पर्धा तिच्याच हट्टाने उभी राहिलेली. "मॉर्निंग, मेट! झोप झाली का?" तिने विचारलं, म्हणजे इंग्रजीतच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मयूराला कोर्स दाखवायला निघाली. एक लोखंडी पाइप, कठड्यासारखा. एक बाक, त्याला पत्र्याची कड. आणि मधोमध लाकडाचा उंच ओटा, त्याला चार पायऱ्या. रस्त्यावरच्या गोष्टी तशाच उचलून इथे आणून मांडलेल्या. डेब नेहमी सांगायची ती गोष्ट तिने आजही सांगितली. तिच्या लहानपणी स्पर्धा फक्त मोठ्या वाकड्या रॅम्पवर व्हायच्या. बँकेच्या पायऱ्यांवर, पोस्टाच्या कठड्यावर पोरं जे करायची त्याला कोणी खेळ म्हणत नव्हतं, त्याला उच्छाद म्हणत आणि वॉचमन मागे लागत. मग एका दुकानदाराने एका कार पार्कात लाकडी पायऱ्या, एक कचऱ्याचा डबा आणि एक मोडकी गाडी आणून ठेवली, त्याला 'स्ट्रीट' असं नाव दिलं आणि तीन जज प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवले. मार्क कशाला द्यायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकाने उंचीला दिले, एकाने ऐटीला, आणि एकाने आपल्या भाच्याला. मुलींचा गटच नव्हता. डेबने नाव सांगितलं ते लिहिणाऱ्याने 'डेव्ह' लिहिलं आणि माइकवरून "नेक्स्ट अप, डेव्ह!" असा पुकारा झाल्यावर ती गेली. बक्षीस म्हणून पुरुषाच्या मापाचा टीशर्ट मिळाला. अजून त्यातच झोपते. "आता ऑलिम्पिकमध्ये मेडल देतात, बोल!" असं म्हणून डेब हसली. मयूरा दरवेळी हसायची तशी हसली. पण लक्ष तिचं त्या चार पायऱ्यांकडे होतं.

अशा चार पायऱ्या तिने एकदा पार केल्या होत्या. मार्चमध्ये, लायब्ररीच्या मागे, एकटीने. बोर्डाचं शेपूट पायाने जोरात आपटायचं आणि बोर्डासकट हवेत उठायचं, ह्याला ऑली म्हणतात. सपाट जमिनीवर तिला ती कितीतरी दिवस येत होती, पण पायऱ्यांवरून ती एकदाच जमली. मधला तो क्षण तिला नीट आठवत होता, खाली काही नाही आणि तरी घाई नाही. त्यानंतर एप्रिलमध्ये आई आली. आणि तेव्हापासून एकदाही नाही. पाय तेच, बोर्ड तोच, पायऱ्या त्याच. फक्त शेपूट आपटायच्या आधीच्या श्वासात कानात कोणीतरी 'पडशील' म्हणायचं आणि पाय आपोआप बोर्डावरून उतरून पायऱ्यांवरून धावत खाली यायचे. खुद्द आई तेव्हा घरी बसून मोठ्या आवाजात मराठी मालिका बघत असायची. आवाज इतका की हृषिकेश कानात इअरफोन घालायचा. कानाचं मशिन असूनही तिला टीव्ही मोठाच लागायचा, आणि रात्री मशिन काढून डबीत ठेवलं की शेजारच्यांनाही मालिका ऐकू जायची. तरी ती तिथे कानात होतीच.

सरावाची वेळ झाली तशी मयूराने पिशवी उघडली, हेल्मेट घातलं, आणि गाडीच्या डिकीतून बोर्ड काढला. रात्रीच तिने तो गराजमधून अंधारात आणून डिकीत टाकला होता. चाकं बघायला म्हणून तिने तो उलटा केला आणि तशीच थांबली. बोर्डाच्या खालच्या बाजूला, चाकांच्या दोन जोड्यांच्या मधोमध, हळदीचं बोट होतं, त्याच्यावर कुंकू. चाकं बसवलेल्या लोखंडी तुकड्याच्या खाचेत तांदळाचा एक दाणा अडकला होता. आणि एक वाळलेली जांभळी पाकळी, अंगणातल्या लॅव्हेंडरची; झेंडू इथे वेळेवर मिळत नाही. डेब वाकून बघत म्हणाली, "ब्लड आहे का ते?" मयूरा म्हणाली, "नाही. आई." डेबने भुवया उंचावल्या, मग "फेअर इनफ" म्हणून दुसऱ्या बायकांकडे गेली. मयूरा गाडीच्या बंपरवर बसली. गेल्या बुधवारी खंडेनवमी होती. आईने घरातली सगळी हत्यारं पुजली होती, हृषिकेशचं ड्रिल, सुरी, कात्री, मयूराचा ऑफिसचा लॅपटॉप. संध्याकाळी घरी आल्यावर लॅपटॉपच्या झाकणावरचं कुंकू पुसताना मयूरा कुरकुरलीही होती. त्याच दिवशी आई सामान भरायच्या सूटकेसी काढायला गराजमध्ये गेली असणार. सूटकेसींच्या मागेच तर बोर्ड असायचा. म्हणजे आईने तो बघितला, काय आहे ते ओळखलं, कोणाचा आहे तेही ओळखलं, आणि सुरी-कात्रीच्या ओळीत मांडून त्याची पूजा केली. तीही वरून नाही, खालून. वरच्या बाजूला सँडपेपरसारखा खरखरीत कागद असतो, त्याच्यावर पाय पडतात; कुंकवावर मुलीचा पाय पडू नये एवढं आईला बरोबर कळलं होतं.

आधी मयूराला लाज वाटली. मग चीड आली. चार दिवस ही बाई सगळं जाणून आहे आणि सकाळी चहा घेताना हूं का चूं नाही! बटाटेपोहे कर म्हणाली, गूळ संपला म्हणाली, बोर्डाचं एक अक्षर नाही. आणि मग पोर्चमधली ती शांतता पुन्हा तिच्याजवळ आली, आता वेगळा चेहरा घेऊन. म्हणजे आज आई चुकून गप्प बसली नव्हती. ती ओळखून होती, कुठे चाललीये, कशाला चाललीये. सहा महिने माझ्याशी खोटं बोललीस ना, आता जाते म्हणतेस, तर जा. असंच होतं का ते? आईने आजपर्यंत एकदाच कोणाला 'येतो' म्हणायला लावलं नव्हतं. बाबांना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा ते काही बोलायच्या स्थितीतच नव्हते, आणि आई दारात उभी राहून त्यांना आपणहून म्हणाली होती, "या हं." बाबा आले नाहीत. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, साखर वाढलेली होती, किडन्या गेल्या होत्या. क्लेम असता तर मयूराने एका ओळीत निकालात काढला असता. पण बंपरवर बसून तिला भीती वाटली, सरळ भीती, पडण्याची नव्हे. बुधवारी एअरपोर्टवर आई काचेच्या पलीकडे जाईल तेव्हा दोघींमध्ये हे असंच राहून जाईल, ह्याची भीती. आणि ती शेवटची खेप.

पहिल्या फेरीत पाइप आणि बाक तिने बरे काढले. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या पाच-पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, कोणाचीतरी मुलं "गो मम!" म्हणून दुसऱ्याच कोणाला ओरडत होती. मग पायऱ्या. प्रत्येकीला तीन संधी. पहिल्या वेळी मयूरा ओट्यावरून वेगाने आली, कडेला पोचली, कानात शब्द वाजला, आणि ती बोर्ड सोडून पायऱ्यांवरून धडधडत खाली. बोर्ड एकटाच दोरीपर्यंत गेला. दुसऱ्या वेळीही तेच, फक्त ह्यावेळी पायऱ्या धड उतरता आल्या नाहीत आणि ढोपर टेकलं. पॅड होता म्हणून वाचलं. डेब लांबून ओरडली, "नो वरीज, मेट, एक आहे अजून!" मयूराने हात हलवला. बोर्ड उचलताना तिने खालचं कुंकू बघितलं. थोडं पुसलं गेलं होतं.

वळली तर समोर आई. सुती साडी, वर हृषिकेशचं फ्लीसचं जॅकेट, पायात मोजे आणि चपला, आणि डोक्यावर उघडलेली काळी छत्री. मागे हृषिकेश, दोन्ही हात वर केलेले. "मी एक शब्द बोललो नाहीये हं," तो लांबूनच म्हणाला. "आई चपला घालून गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ती चाकाची फळी घेऊन गेलीये तिथे चल."

"आई, छत्री कशाला? पाऊस कुठाय?" मयूरा अगदी तिच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली.

"पक्षी टोचतात म्हणे. बघितलं मी टीव्हीवर." आईने आजूबाजूला बघितलं, सगळ्यांची हेल्मेटं, सगळ्यांची ढोपरं. "ह्या सगळ्या बायका आहेत?"

"हो."

"बऱ्याच आहेत की." मग तिने मयूराच्या पॅडकडे बोट केलं. "लागलं?"

"नाही." मग मयूराला राहवेना. "आई, सकाळी तू काही बोलली का नाहीस?"

"कधी?"

"मी निघाले तेव्हा. मी जाते म्हटलं." शेवटचं तिने जरा हळूच सांगितलं.

"काय?" आईने मान पुढे काढली. "मोठ्याने बोल जरा."

"जाते म्हटलं मी! जाते!"

"येते म्हणावं," आई ताबडतोब म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "अगं, मला ऐकू कुठे आलं? मशिन डबीत होतं माझं. तुमच्या त्या घड्याळाच्या गोंधळात मला वाटलं अजून सहाच वाजलेत. आताही डबीतच राहिलंय, ह्या हृषिकेशने घाई केली."

"मी? घाई? मी केली?" हृषिकेश म्हणाला, पण ते आईला ऐकू गेलं नाही.

मयूराला हसू फुटलं. सकाळपासून जे मानेवर बसलं होतं ते नुसतं डबीत राहिलेलं मशिन निघालं. ते 'जाते' तिने भिंतींना सांगितलं होतं. पण हसता हसताच मनात आलं, की ह्या सहा महिन्यांत आपण आईशी बोललो त्यातलं किती तिच्यापर्यंत गेलं असेल, आणि किती आपण तिच्या पाठीला सांगत राहिलो. तिने आवाज चढवून विचारलं, "तुला बुधवारीच कळलं होतं ना? राग नाही आला?"

"आला की. अजून आहे." आईने छत्री मिटली. "लपवण्यासारखं काय होतं त्यात? मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. जायची वेळ आली माझी."

"तू पडशील म्हणाली असतीस," मयूरा म्हणाली. हे तिला मोठ्याने म्हणता आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

डेबने माइकवरून नाव पुकारलं. ती 'मायरा' म्हणायची. आईने कार पार्कमधल्या त्या लाकडी ओट्याकडे बघितलं, मग पायऱ्यांकडे, सावकाश, एखाद्या उत्तरपत्रिकेकडे बघावं तसं. "तिथून उडी मारायची?"

मयूराने मान हलवली.

"आणि यायचं कुठे?"

"इथे. खाली." तिने बुटाने जमिनीवरची जागा दाखवली.

आईने छत्री हृषिकेशच्या हातात दिली आणि ती जागा जिथे संपत होती तिथे दोरीला धरून जाऊन उभी राहिली. आता तिला तिथून हलवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. मयूरा वळसा घालून ओट्याच्या मागच्या उतारावरून वर चढली. वरून सगळं लहान दिसत होतं, गाड्यांच्या रांगा, ट्रॉल्या, डेबचं काटेरी हेल्मेट. आणि बरोबर समोर, पायऱ्यांच्या पलीकडे, फ्लीसच्या जॅकेटातली आई. गॅलरीतली आई नेहमी वर असायची आणि मयूरा खाली. आज ते उलटं झालं होतं. मयूराने बोर्डावर एक पाय ठेवला. आईचं तोंड उघडताना तिला दिसलं. ती थांबली. येऊ दे एकदाचा तो शब्द, ह्या लांब अंतरावरून, खऱ्या आवाजात. निदान कानातला आणि बाहेरचा एक तरी होईल. 'पडशील' म्हणताना ओठ आधी मिटावे लागतात. तिने त्या ओठांकडे बघितलं. ते मिटले नाहीत.

आई दोरीवरून पुढे वाकली. दोन्ही हात तिने समोर पसरले, तळवे वर, बोटं आत वळवत, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा दणदणीत आवाजात म्हणाली, "ये!"

अख्खा कार पार्क बघायला लागला. हृषिकेश छत्री घेऊन जमिनीकडे बघत होता. "ये, ये, ये," आई म्हणत होती, आणि मयूराला कळलं की हे हात तिने पूर्वी बघितलेले आहेत, ते आठवत नाहीत एवढंच. कोणालाच आठवत नाहीत. पण पहिल्यांदा भिंत सोडली असेल तेव्हा कोणीतरी समोर असंच वाकून बसलेलं असणार, आणि त्यावेळी ते 'पडशील' म्हणालेलं नसणार, नाहीतर कोणीच चालायला शिकलं नसतं.

"येते," मयूरा म्हणाली. आईला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तिने पायाने जमीन मागे ढकलली, एकदा, दोनदा. कड जवळ आली. कानात वाऱ्याशिवाय काही नव्हतं. शेपूट आपटल्याचा आवाज आला, मग तो मधला लांब क्षण, खाली काही नाही आणि तरी घाई नाही, आणि मग चारही चाकं एकदम जमिनीवर. तोल गेला. एक हात खाली टेकला. डेबच्या नियमात त्याचे मार्क कापतात, आणि ते कापलेही गेले. पण पाय बोर्डावरून सुटले नाहीत. बोर्ड तिला तशाच वाकलेल्या स्थितीत, घरंगळत, सरळ दोरीपर्यंत घेऊन गेला, आणि आईने दोन्ही दंड घट्ट धरले.

"आलीस?" आई म्हणाली.

"आले," मयूरा म्हणाली, मोठ्याने.